दृष्टीआडची सृष्टी

माणूस मोठमोठी व्याख्याने विसरतो आणि एखादे साधे वाक्य मात्र त्याच्या मनात काट्यासारखे रुतून बसते. असेच एक तीन शब्दांचे वाक्य गेल्या वर्षी माझ्या कानी पडले. बोलणारा तरुण सभ्य होता, कोणाला दुखवावे असे त्याच्या मनातही नव्हते. "आजींसाठी हे नाही," एवढेच तो म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला. फराळाच्या ताटाशी बसलेल्या वाचकांपुढे हे वाक्य आणावे की न आणावे, याचा मी पुष्कळ विचार केला. शेवटी असे वाटले की, दिवाळी हा दिव्यांचा सण आहे आणि ज्याला दिवा दिसत नाही त्याचाही तो सण आहेच. तेव्हा ही गोष्ट सांगायला याहून बरा मुहूर्त मिळणार नाही.

मी काही विद्वान नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. वैनगंगेच्या अलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यातील एका गावी, संस्थेच्या शाळेत खालच्या वर्गांना मराठी शिकवतो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. नदीपलीकडे, आरमोरीच्या बाजूला, माझी आत्या राहते. 1982 साली चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. आम्ही अलीकडचे चंद्रपूरचे राहिलो आणि आत्या पलीकडची गडचिरोलीची झाली. जंगल मात्र दोन्हीकडचे एकच आहे आणि त्या जंगलातल्या मोहाचा वासही एकच आहे.

आत्याची दृष्टी काचबिंदूने गेली. मोतीबिंदूचे एक बरे असते. डोळ्यातले भिंग गढूळ होते, ते काढून दुसरे बसवले की माणूस पुन्हा पाहू लागतो. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसच सुकत जाते आणि एकदा गेलेली दृष्टी परत मिळत नाही. हा रोग चोरपावलांनी येतो. आधी कडेचे दिसेनासे होते, समोरचे दिसतच राहते. त्यामुळे काही बिघडले आहे हे ना रोग्याला कळते, ना घरच्यांना. आत्या दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागली, अंगणातल्या बादलीला अडखळू लागली, तेव्हा आम्ही तिला धांदरट म्हणून हसलो. त्या हसण्यात माझा आवाज सर्वांत मोठा होता. आता माझी चाळिशी उलटली आहे आणि घरात हा रोग असल्यामुळे दर वर्षी मी डोळ्यांतला दाब तपासून घेतो. वाचकांपैकी ज्यांच्या घरात तो असेल त्यांनीही घ्यावा. तपासणीच्या खुर्चीत बसलो की दर वेळी मला ती चौकट आठवते.

दृष्टी गेली तरी आत्याचे काम सुटले नाही. चैत्रात मोहाची फुले पहाटेच्या अंधारात गळतात. त्या वेळी जंगलात जाणाऱ्या कोणालाच फारसे दिसत नसते. आत्या त्या बाबतीत इतरांच्या बरोबरीची. झाडाखालचा पाचोळा आधी जाळून जमीन स्वच्छ केलेली असते आणि तिच्यावर फूल पडले की बारीकसा, ओलसर आवाज होतो. कोणत्या अंगाला फुले जास्त पडत आहेत हे आत्या उभ्या जागी ओळखते आणि तिकडे बसून हाताने चाचपून वेचते. पाला खसखसला तर तो वाऱ्याचा की अस्वलाचा, हे आमच्याआधी तिला कळते. यात दैवी काही नाही. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानी आधी पोचतो आणि डाव्या कानी किंचित नंतर. हे अंतर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते, पण मेंदू तेवढ्यावरून दिशा काढतो. तुमचाही काढतो. डोळे असल्यामुळे तुम्हांला त्याचा हिशेब ठेवावा लागत नाही, इतकेच.

गेल्या वर्षी पावसाळ्यात आत्या घसरून पडली आणि तिचा खांदा आखडला. हात वर जाईना, रात्री झोप येईना. तालुक्याच्या गावी आरोग्य मेळावा होता, तिथे मी तिला घेऊन गेलो. मांडवाच्या एका कोपऱ्यात शहरातून आलेली मंडळी एक नवे यंत्र दाखवत होती. डोळ्यांवर बांधायची एक पेटी, कानांवर आवाजाच्या वाट्या आणि हातात धरायची एक मूठ. ही पेटी घातली की दुखणे विसरून हात हलवता येतो आणि व्यायामाचा त्रास वाटत नाही, असे ते सांगत होते. रांग मोठी होती, कारण फुकटात डोंगर आणि समुद्र पाहायला मिळत होते. आमची पाळी आली. तरुणाने आत्याच्या हातातली काठी पाहिली नसावी, त्याने लगबगीने पेटी तिच्या डोळ्यांवर बांधली आणि मोठ्याने विचारले, "आजी, काय दिसते?"

"जे घरी दिसते तेच, बाप्पा," आत्या म्हणाली.

रांगेत हशा पिकला. तरुण गोरामोरा झाला. तो पेटी काढू लागला, तेव्हा आत्याने हात वर केला. दुखरा नव्हे, दुसरा. "थांब जरा. इथं पानी हाय." तिने मान वळवली. "हे पाहा, उजवीकडं व्हतं. आता समोर आलं." तिने पुन्हा मान फिरवली, पुन्हा थांबली. तिच्या चेहऱ्यावर असे कुतूहल मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. मान वळली की आवाजाची दिशाही वळेल, अशी सोय त्या यंत्रात केलेली होती आणि रांगेतल्या एकाही डोळस माणसाच्या ती लक्षात आली नव्हती. इतक्यात पेटीतून एका बाईचा गोड आवाज आला. पुढे जाण्यासाठी पिवळ्या वर्तुळाकडे पाहा, असे ती हिंदीत सांगत होती. आत्याने विचारले, "कुठं हाय ते?" त्या आवाजाला प्रश्न ऐकू येत नव्हता. त्याने पुन्हा तेच सांगितले, मग तिसऱ्यांदा सांगितले. नदी एका जागी वाहत राहिली. तरुणाने हळूच पेटी उतरवून घेतली आणि मघाचे ते वाक्य उच्चारले.

परतीच्या एस.टी.त आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबू, ते पानी कोनत्या नदीचं व्हतं?" मला सांगता आले नाही.

या यंत्राचा इतिहास मी नंतर वाचून काढला. आयव्हन सदरलँड या शास्त्रज्ञाने 1968 साली डोक्यावर घालायचा असा पहिला पडदा तयार केला. त्याचा जोडसांगाडा इतका अवजड होता की तो छताला टांगावा लागे. दोन डोळ्यांपुढे दोन किंचित वेगळी चित्रे धरायची, म्हणजे मेंदू त्यांचे एकच खोल दृश्य बनवतो. मान वळली की चित्रही वळवायचे, म्हणजे माणसाला आपण तिथेच आहोत असे वाटते. याला आता आभासी वास्तव म्हणतात. वैद्यकात त्याचा खरोखर उपयोग झाला आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या रोग्यांसाठी बर्फाचे एक जग रचले. जखमा धुतल्या जात असताना रोगी त्या जगात बर्फाचे गोळे फेकत असतो. लक्ष तिकडे गुंतते आणि वेदना कमी जाणवतात. 2021 साली अमेरिकेतील औषध प्रशासनाने अशा पेटीतून करायच्या दोन उपचारांना मान्यता दिली: एक मुलांच्या मंद डोळ्यासाठी आणि दुसरा जुनाट कंबरदुखीसाठी.

या दोन उपचारांपाशीच मला थांबावेसे वाटते, कारण माझा सगळा प्रश्न त्यांच्यातल्या फरकात आहे. मंद डोळ्याचा उपचार घ्या. तिथे डोळ्यालाच काम करायला लावायचे आहे. तो आत्याच्या कामाचा नाही, याबद्दल तिने तक्रार केली तर ती मीही ऐकणार नाही. चित्रकाराने चित्र काढले म्हणून आंधळ्यावर अन्याय होत नाही. जगातली प्रत्येक वस्तू प्रत्येकासाठी असलीच पाहिजे, असा हट्ट कोणी शहाणा माणूस धरणार नाही. पण कंबरदुखी, किंवा आत्याचा खांदा? खांदा बरा व्हायला डोळे लागत नाहीत. तिथे डोळा ही केवळ वाट आहे, मुक्काम नव्हे. आणि मुक्कामाला जाण्याची एकच वाट बांधून, ती ज्याला चालता येत नाही त्याला "मुक्काम तुझ्यासाठी नाही" असे सांगणे हा विचारातला घोटाळा आहे. एखाद्या दवाखान्याला दार ठेवायचे विसरावे, खिडकीतून आत यायची सोय करावी आणि मग म्हातारीला म्हणावे की, तुझ्या वयात औषध लागू पडत नाही. तसाच हा प्रकार. तो "नाही" आत्याच्या डोळ्यांतून आला नव्हता. तो त्या पिवळ्या वर्तुळातून आला होता आणि ते वर्तुळ कोणा माणसाने तिथे काढले होते.

कोणी म्हणेल, मूठभर आंधळ्यांसाठी नव्या उपचाराने खोळंबून राहावे काय? हा प्रश्न बाजारात वाजवी ठरेल, दवाखान्यात ठरत नाही. दुकानदार बहुसंख्यांचा विचार करतो आणि त्याने तो करावा. दवाखान्याच्या दारात मात्र प्रत्येक जण एकटाच येतो. शिवाय खोळंबायचे आहे कोणी? पिवळ्या वर्तुळाच्या जोडीला "हो म्हणा" किंवा "मूठ दाबा" एवढे ठेवले असते, तरी नदी पुढे वाहिली असती.

हा प्रश्न आत्याच्या खांद्यापुरता नाही, हे पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने मला कळले. बँकेत किंवा मोबाइल कंपनीत ओळख पटवताना हल्ली पडद्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवावी लागते. समोर जिवंत माणूस आहे याची ती खूण. ज्यांचे डोळे ॲसिडने जळाले, त्यांनी पापण्या कशा हलवाव्यात? ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि दृष्टिहीन वकील अमर जैन यांनी दाद मागितली. 30 एप्रिल 2025 रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, अशा सेवांपर्यंत पोचता येणे हा घटनेच्या 21व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. सरकारी व खाजगी दवाखान्यांत अडथळ्यावाचून जाता आले पाहिजे, असे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही सांगून ठेवले आहे. म्हणजे पापणी हलत नाही म्हणून माणूस जिवंत नाही, असे यापुढे कोणाला म्हणता येऊ नये. कायद्याने आपले काम केले; पण ते वर्तुळ काढणाऱ्याच्या मनात आत्या यावी कशी, हा प्रश्न कायद्याने सुटत नाही.

त्याचे उत्तर शोधायला मला दूर जावे लागले नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. पुढे दवाखाना बांधायचा ठरला, तेव्हा त्यांनी आदिवासींनाच विचारले की, तुम्हांला दवाखाना कसा हवा? मोठ्या इमारतींची भीती वाटते, आजाऱ्याच्या नातेवाइकांना तिथे राहता येत नाही, असे लोकांनी सांगितले. म्हणून शोधग्राममधला दवाखाना त्यांच्या गावासारखा, झोपड्यांच्या घडणीचा झाला आणि त्याला त्यांच्या देवीचे, दंतेश्वरीचे नाव मिळाले. वैद्यकशास्त्र तेच राहिले, दार तेवढे बदलले. बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी एका मिनिटातले श्वास मोजावे लागतात. गावातल्या सुईणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. त्यांना अडाणी ठरवून घरी धाडण्याऐवजी डॉ. बंगांनी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे एक साधे यंत्र बनवले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याच्या आत ठरलेले मणी सरकले, तर बाळाला औषधाची गरज आहे. "हे सुईणींसाठी नाही" असे म्हणणे किती सोपे होते! इकडे आमच्या जिल्ह्यात वरोऱ्याला बाबा आमटे यांनी उभ्या केलेल्या आनंदवनातही हीच समजूत मुळाशी आहे. माणसाच्या अंगी काय उरले आहे ते पाहून त्याच्या हाताला काम द्यावे. काय गेले ते मोजत बसू नये. तिथे अंध मुलांची शाळा आहे आणि 'स्वरानंदवन'च्या रंगमंचावर तिथले दृष्टिहीन कलावंत गातात.

हे सारे मला ठाऊक होते. तरीही, वाचकहो, त्यानंतर मी जो मूर्खपणा केला तो सांगितल्यावाचून हा निबंध प्रामाणिक होणार नाही.

15 ऑक्टोबर हा पांढऱ्या काठीचा दिवस म्हणून जगभर पाळतात. आत्याच्या प्रसंगाने माझे मन भरून आले होते. मुलांना अंधत्व म्हणजे काय ते कळावे, म्हणून मी वर्गातल्या तीस मुलांच्या डोळ्यांवर रुमाल बांधले आणि त्यांना शाळेच्या पटांगणात चालायला लावले. खेळ त्यांच्या ओळखीचा होता. आंधळी कोशिंबीर कोण खेळलेले नसते? पण खेळात एकाच्याच डोळ्यांवर पट्टी असते आणि भोवती हसणारे सवंगडी असतात. इथे सगळेच आंधळे आणि वर मास्तरांचा गंभीर चेहरा. मुले धडपडली, एकमेकांवर आपटली. एक लहानगी मुलगी कुंपणाला धरून रडू लागली. रुमाल सोडल्यावर मी मोठ्या आशेने विचारले, "काय शिकलात?" पुढच्या बाकावरचा एक हुशार मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, आंधळं होण्यापेक्षा मेलेलं बरं."

मला वाटले, कोणीतरी माझ्या थोबाडीत मारली. मी मुलांना समज द्यायला गेलो होतो आणि दिली भीती. नंतर वाचनात आले की, हे माझ्या एकट्याच्या हातून घडलेले नाही. एरिएल सिल्व्हरमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाई स्वतः दृष्टिहीन आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग करून 2015 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. डोळे बांधून वावरलेल्या विद्यार्थ्यांना अंध माणसे नोकरीला आणि स्वतंत्र राहण्याला कमी लायक वाटू लागली. कारण उघड आहे. डोळे बांधलेला माणूस अंधत्वाच्या पहिल्या पाच मिनिटांत असतो. आत्या तिसाव्या वर्षात आहे. पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलून काठावर घ्यावे आणि विचारावे की, मासे कसे जगत असतील? तो म्हणेल, बिचारे बुडत असतील. हल्ली तर अंधत्वाचा अनुभव देणाऱ्या आभासी पेट्याही निघाल्या आहेत. त्यांच्यातली काही कामे कळकळीची आहेत. जॉन हल हे ब्रिटनमधले प्राध्यापक दृष्टी गेल्यावर आपले अनुभव ध्वनिफितींवर नोंदवत गेले. त्यांच्या आवाजावर 2016 साली असे एक काम झाले आणि त्यात पाऊस व पावले यांच्या आवाजांतून जग उभे राहते. तिथे जाणत्याचा शब्द बरोबर असतो, म्हणून ते वेगळे. शब्दावाचून नुसता काळोख डोळ्यांवर बांधला, तर हाती लागते ती आपलीच घाबरगुंडी. तिलाच आपण सहानुभूती समजतो.

डोळे मिटून दुसऱ्याचे जग कळत नाही. ते त्याला विचारावे लागते. इतकी साधी गोष्ट शिकायला मला तीस मुलांची भीती खर्ची घालावी लागली.

दुसऱ्या महिन्यात मी आत्याला शाळेत आणले. रुमाल नाही, भाषण नाही. मुलांनी विचारायचे आणि तिने सांगायचे. तिने प्रथम त्यांना वाट दाखवायची रीत शिकवली. आंधळ्याला मागून ढकलू नये, त्याचा हात ओढू नये. आपले कोपर पुढे करावे, ते धरायचे की नाही हे तो ठरवील. एका मुलाने विचारले, नोटा कशा ओळखता? तिने कमरेची पिशवी काढून बोटावर नोटा मोजून दाखवल्या आणि वर नोटा बनवणाऱ्याला दोन शब्द सुनावले, कारण शंभराच्या आणि दोनशेच्या नव्या नोटांच्या लांबीत फक्त चार मिलिमीटरांचा फरक आहे. मग कुंपणाशी रडलेली ती मुलगी उभी राहिली. "आजी, तुम्हांला अंधाराची भीती नाही वाटत?"

"अंधार कुठं हाय, बाई?" आत्या म्हणाली. "अंधार तुले दिसते. मले तोबी दिसत नाही." वर्ग हसला. पण आत्या तिथेच थांबली नाही. "पन खोटं कायले सांगू? डोरे व्हते ते बरं व्हतं. नातवाचं तोंड पाहाचं राहून गेलं."

हे तिचे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवले आहे, कारण आम्हां लेखकांना एक वाईट खोड असते. आंधळ्या माणसाला एक तर आम्ही कीव करण्याजोगा करतो, नाही तर अंतर्ज्ञानी ऋषी करून टाकतो. आत्या या दोहोंपैकी काहीच नाही. मोहाचे फूल ऐकणारी तीच आणि नातवाच्या तोंडासाठी हळहळणारीही तीच. तिचे दुःख खरे आहे आणि तिचे कसबही खरे आहे. एकाचा आधार घेऊन दुसरे पुसून टाकण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही.

आंधळ्या कोशिंबिरीत ज्याच्या डोळ्यांवर पट्टी असते त्याच्यावर 'राज्य' आले असे आपण म्हणतो. लहानपणी या शब्दाची मौज कधी वाटली नाही, आता वाटते. जिथे जिथे न पाहणाऱ्याच्या हाती खरोखर राज्य आले, तिथे तिथे दार सापडले आहे. शार्ल बार्बिए या डोळस फ्रेंच गृहस्थाने बोटांनी वाचायची लिपी प्रथम काढली, ती बारा ठिपक्यांची. बोटाच्या टोकाखाली ती मावत नसे. लहानपणीच दृष्टी गेलेल्या लुई ब्रेलने ती सहा ठिपक्यांवर आणली आणि 1829 साली प्रसिद्ध केली, कारण वाचणारे बोट त्याचे स्वतःचे होते. संगणकाचा पडदा वाचून दाखवणारी 'एनव्हीडीए' ही फुकट प्रणाली 2006 साली मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने सुरू केली. त्याला येऊन मिळालेला जेम्स टेह हाही अंधच. आभासी जगाच्या पेटीतही हे घडू लागले आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 2018 साली एक काठी तयार केली. पेटीतल्या भिंतीला ती 'लागली' की हातातली काठी खरोखर अडते, थरथरते आणि आवाज करते. ती अंध माणसांच्या हाती देऊन तपासली गेली. दुसऱ्या वर्षी ज्यांना अंधुक दिसते त्यांच्यासाठी चौदा साधने निघाली: अक्षर मोठे करणारी, रंग ठळक करणारी, लिहिलेले वाचून दाखवणारी. तेव्हा "हे होण्यासारखे नाही" असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. ते कोणी विचारलेले नाही, एवढेच खरे असते.

आत्याच्या खांद्याचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. ग्रामीण रुग्णालयातल्या एका बाईंनी तिचा हात आपल्या हातात धरून व्यायाम शिकवला. आढ्याला कप्पी बांधून दोरी ओढायची, चांगल्या हाताने दुखरा हात वर न्यायचा. हात आता कानापर्यंत जातो, वर जात नाही. दोरी ओढताना तिला कंटाळा येतो, म्हणून मी मोबाइलवर आमच्या वैनगंगेचे पाणी टिपून नेले. तिने ऐकले आणि म्हणाली, "हे एकाच जागी वाहाते. त्या पेटीतलं फिरत व्हतं." म्हणजे ती पेटी तिला हवी होती. तिच्यासाठी नव्हती ती, असे म्हणणारे चुकले होते; आणि ती तिला नको असेल असे समजून गप्प बसलेला मीही चुकलो होतो. पुन्हा तशी मंडळी आली तर मी तिला रांगेत उभी करीन, आणि पेटी बांधण्याआधी तिच्याशी दोन शब्द बोला, असे त्या तरुणाला सांगेन.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस येतात. वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरतात आणि रात्र रात्र नाटके रंगतात. आत्याने एकही हंगाम चुकवलेला नाही. ती नाटक 'ऐकले' असे कधी म्हणत नाही. 'पाहिले' म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी खलनायकाच्या चालीची नक्कल करून दाखवते. तेही एक आभासी जगच आहे. त्याला गाणे आहे, पेटी-तबला आहे, पावलांचा आवाज आहे, म्हणून त्याचे दार तिला उघडे आहे.

मी तिच्या शेजारी बसतो. पूर्वी मी न विचारता सगळे तिच्या कानात सांगत असे आणि ती कोपराने मला ढोसत असे. आता मी गप्प बसतो. मधेच रंगमंचावर शांतता पसरते, कोणीतरी बोलल्यावाचून काहीतरी करते, आणि अंधारात तिचा हात माझ्या दंडाशी येतो. "बाबू, आता काय झालं?"

मग मी सांगतो.